रिबॉण्डिंगवर रिलॅक्सर: सांगलीतील एका तरुणीच्या तुटलेल्या केसांचे प्रकरण

या प्रकरणातील तरुणी २७ वर्षांची, सांगलीच्या विश्रामबाग भागात राहणारी आणि एका खासगी शाळेत शिकवणारी आहे. ओळख पटेल असे बाकीचे तपशील येथे गाळले आहेत. ती माझ्याकडे तपासणीसाठी प्रथम आली तेव्हा साखरपुडा नुकताच झाला होता, लग्न वैशाखात ठरले होते आणि "केस मुठीमुठीने गळताहेत" ही तिची तक्रार होती. तपासणीनंतर दिसले ते वेगळेच. केस मुळापासून गळत नव्हते, ते मध्येच तुटत होते. गळण्याचा प्रश्न मुळाशी, म्हणजे टाळूच्या आतील जिवंत भागाशी असतो, तर तुटण्याचा प्रश्न टाळूबाहेरच्या निर्जीव धाग्याशी असतो. पहिल्यावर औषध असू शकते. दुसऱ्यावर औषध नसते, केवळ निगा, कात्री आणि प्रतीक्षा असते. तिने मात्र तोवर तीन महिने पुरतील एवढ्या बायोटिनच्या (ब गटातील एका जीवनसत्त्वाच्या) गोळ्या, कांद्याचा रस आणि एक महागडे 'हेअर ग्रोथ सिरम' यांवर बराच खर्च केला होता, आणि हे सारे उपाय न तुटलेल्या मुळांवर चालले होते.

तिचे केस जन्मतः कुरळे, पेन्सिलीभोवती गुंडाळल्यासारख्या बारीक वळणांचे. शाळेत असताना त्यावरून चिडवले गेल्याचे तिने सांगितले, आणि बावीसाव्या वर्षी, पहिल्या नोकरीच्या पगारातून, तिने रिबॉण्डिंग, म्हणजे रसायन आणि गरम इस्त्रीने केस कायमचे सरळ करणे, करून घेतले. त्यानंतर दर आठ-नऊ महिन्यांनी मुळाकडच्या नव्या केसांचा 'रूट टचअप' होत राहिला. आपल्याकडे स्थळ बघताना 'केस लांब आणि सरळ' हे अजूनही न सांगता मोजले जाते, त्यामुळे या खर्चाबद्दल घरात कोणी प्रश्न विचारला नव्हता. हा दबाव आपल्यापुरताच नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये, नैसर्गिक केसांच्या पोतावरून नोकरीत किंवा शाळेत भेदभाव करण्यास मनाई करणारा कायदाच केला.

साखरपुड्याच्या आठवडाभर आधी नेहमीच्या पार्लरमध्ये वेळ मिळाली नाही, म्हणून ती दुसरीकडे गेली. तेथे 'परदेशी, जास्त टिकणारे' क्रीम लावण्यात आले. जुन्या रिबॉण्डिंगविषयी कोणी विचारले नाही, केसांची एखादी बट घेऊन आधी चाचणी केली नाही, आणि क्रीम केवळ मुळांकडील नव्या वाढीला न लावता संपूर्ण लांबीवर पसरवले. टाळूला चुरचुरू लागल्याचे तिने सांगितल्यावर "थोडं होतंच ताई, अजून दहा मिनिटं" असे उत्तर मिळाले. सुदैवाने तिने निघताना डब्याचा फोटो काढून ठेवला होता. त्यावरील घटकांत एका डब्यात कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि सोबतच्या बाटलीत ग्वानिडीन कार्बोनेट होते. या एका फोटोमुळे पुढचे निदान सोपे झाले. अन्यथा बहुतेक वेळा 'काहीतरी क्रीम लावलं' याहून अधिक माहिती मिळत नाही.

येथे थोडे रसायनशास्त्र आवश्यक आहे. केसाचा धागा केराटिन या प्रथिनाचा असतो आणि त्याची ताकद गंधकाच्या दोन अणूंमधील बंधांवर, म्हणजे डायसल्फाइड बंधांवर, अवलंबून असते. रिबॉण्डिंगमध्ये बहुधा अमोनियम थायोग्लायकोलेट वापरतात. त्याचा सामू, म्हणजे पीएच, साधारण ९ ते ९.५ असतो. ते यातील काही बंध तोडते, मग गरम इस्त्रीने केस सरळ ठेवून हायड्रोजन पेरॉक्साइडसारख्या द्रावणाने बंध नव्या जागी जोडले जातात. ही जोडणी पूर्ण कधीच होत नाही. हायड्रॉक्साइडचे रिलॅक्सर, म्हणजे केस सरळ करणारी तीव्र अल्कलीची क्रीम, वेगळ्या मार्गाने जातात. त्यांचा सामू १२ ते १४ इतका असतो आणि ते गंधकाचा एक अणूच काढून टाकून लॅन्थिओनिन नावाचा वेगळा बंध बनवतात, जो परत उलटवता येत नाही. कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि ग्वानिडीन कार्बोनेट मिसळले की ग्वानिडीन हायड्रॉक्साइड तयार होते आणि सोबत कॅल्शियम कार्बोनेटचा साका पडतो, जो केसांवर बसून त्यांना आणखी कोरडे करतो. ही रिलॅक्सर मुख्यतः आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांच्या अतिशय घट्ट कुरळ्या केसांसाठी बनवलेली आहेत, आणि तेथेही ती केवळ नव्या वाढीला, ठरलेल्या मिनिटांपुरती लावण्याचा दंडक आहे. थायोग्लायकोलेटने आधीच अर्धवट उसवलेल्या केसांवर हायड्रॉक्साइड लावू नये, आणि हायड्रॉक्साइडवर थायोग्लायकोलेट लावू नये, हे या व्यवसायातील प्राथमिक ज्ञान आहे. या तरुणीच्या डोक्यावर नेमके पहिले घडले होते.

तपासणीत आधी गळणे आणि तुटणे वेगळे करावे लागले. तिला दोन दिवस कंगव्यातील आणि उशीवरील केस पांढऱ्या कागदावर गोळा करून आणायला सांगितले होते. त्यांत लांबीचा मेळ नव्हता: काही बोटभर, काही वीतभर. बहुतेक तुकड्यांच्या दोन्ही टोकांना गाठ नव्हती. मुळापासून गळालेल्या केसाच्या एका टोकाला पांढरा बारीक गोळा असतो. येथे तो जेमतेम काही केसांना दिसला, आणि दिवसाला ५० ते १०० केस गळणे हे कोणाच्याही बाबतीत नैसर्गिक मानले जाते. सूक्ष्मदर्शकाखाली तुकड्यांवर जागोजागी पांढरे ठिपके दिसले, ज्यांत दोऱ्याचे पीळ उसवावेत तसे तंतू विस्कटलेले होते. याला ट्रायकोऱ्हेक्सिस नोडोसा म्हणतात. काही धाग्यांत हवेचे बुडबुडेही होते. सकाळी शाळेच्या घाईत ती न्हाऊन ओलसर केसांवर इस्त्री फिरवत होती, असे विचारल्यावर कळले. धाग्यातील पाण्याची वाफ होऊन असे बुडबुडे पडतात आणि तेथे केस हमखास मोडतो. ओल्या केसाचा धागा हळूच ओढून पाहिला. निरोगी ओला केस आपल्या लांबीच्या साधारण ३० टक्के ताणला जातो आणि पुन्हा मूळ लांबीवर येतो. तिचा केस च्युइंग गमसारखा लांबत गेला आणि सुटला.

टाळूवर उजव्या कानामागे खपल्या पडून बऱ्या होत आलेली एक जागा होती. तेवढी वगळता सर्वत्र केसांची छिद्रे शाबूत होती, आणि या प्रकरणातील सर्वांत आश्वासक गोष्ट तीच होती. रक्ततपासणीत हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) दोन्ही कमी आढळले. थायरॉईडची चाचणी मात्र पहिल्या दिवशी न करता बायोटिन थांबवून काही दिवसांनी केली, कारण मोठ्या मात्रेतील बायोटिनमुळे थायरॉईडसह अनेक चाचण्यांचे निकाल चुकू शकतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला आहे. केसांच्या गोळ्या खाताना ही गोष्ट रुग्ण सहसा सांगत नाहीत, कारण त्यांना ते औषध वाटतच नाही. तिचा थायरॉईड सामान्य निघाला. लोहाची कमतरता भरून काढण्यासाठी गोळ्या सुरू झाल्या, पण त्या नव्या केसांसाठी आणि तिच्या प्रकृतीसाठी होत्या. तुटलेल्या धाग्याला त्यांचा काही उपयोग नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट केले.

कठीण भाग पुढे होता. आई सोबत आल्या होत्या आणि त्यांचा प्रश्न सरळ होता: "डॉक्टर, लग्नापर्यंत केस नीट होतील ना?" टाळूबाहेरचा केस स्वतःची दुरुस्ती करत नाही. धाग्याच्या सर्वांत बाहेरच्या पृष्ठभागावर एक अत्यंत पातळ स्निग्ध थर असतो, जो पाणी दूर ठेवतो. तीव्र अल्कलीमध्ये तो निघून जातो आणि परत येत नाही. कंडिशनर, सिलिकॉन, प्रथिनांचे मास्क, अलीकडची 'बॉण्ड' जोडणारी उत्पादने यांनी घर्षण कमी होते, केस हाताला मऊ लागतात आणि तुटण्याचा वेग मंदावतो. त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. पण त्याने जुना केस नवा होत नाही. नवा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे लग्नापर्यंत तीन-साडेतीन सेंटिमीटर. एवढे ऐकल्यावर आईंनी दुसऱ्या पार्लरचा प्रस्ताव सांगितला: 'केराटिन करून घ्या, केस दुरुस्त होतील.'

त्याला ठामपणे नकार दिला. या उपचारात क्रीम लावून केसांवर २०० अंश सेल्सियसच्या आसपास तापलेली इस्त्री वारंवार फिरवतात. बुडबुडे पडलेल्या केसांना तेच सोसवणार नव्हते. शिवाय अशा अनेक उत्पादनांतून उष्णतेने फॉर्मल्डिहाइड बाहेर पडते, ज्याची गणना कर्करोगकारक पदार्थांत होते, आणि त्याऐवजी वापरल्या जाणाऱ्या ग्लायॉक्सिलिक आम्लाबद्दलही शंका उपस्थित झाल्या आहेत. ट्युनिशियातील एका २६ वर्षांच्या स्त्रीला केस सरळ करून घेतल्यानंतर तीन वेळा मूत्रपिंडाची तीव्र इजा झाल्याची नोंद २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. तसे ते या रुग्णाच्या बाबतीत घडेलच असे नाही, पण मोडक्या केसांवर चकाकी आणण्यासाठी हा धोका पत्करण्याचे समर्थन माझ्या मते होऊ शकत नाही.

मग दोन मार्ग उरले. सारे रसायन लागलेले केस एकदम कापून डोक्यावर केवळ नवी वाढ ठेवायची, किंवा थोडे थोडे कापत जुने सांभाळायचे. अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांनी गेल्या पंचवीसेक वर्षांत मोठ्या संख्येने रिलॅक्सर सोडले, आणि या दोन्ही मार्गांचे बारकावे त्यांच्याच अनुभवातून इतरांपर्यंत आले आहेत. शुद्ध वैद्यकीय दृष्टीने पहिला मार्ग सोपा आहे. पण लग्नाच्या उंबरठ्यावर असलेल्या मुलीने सांगलीत डोके जवळपास भादरून घ्यावे, असे सुचवणे म्हणजे सल्ला न पाळला जाण्याची तजवीज करणे होते. आई म्हणाल्याच, "लग्नाआधी केस कापतं का कुणी? पाहुणे काय म्हणतील?" म्हणून दुसरा मार्ग निवडला: पहिल्याच आठवड्यात खालचे चार इंच, जे तसेही जाणार होते, सरळ रेषेत कापले आणि पुढे दर सहा-आठ आठवड्यांनी थोडे.

या मार्गातील अडचण सांध्याची असते. नवा कुरळा आणि जुना सरळ केस जेथे मिळतात, ती रेषा संपूर्ण धाग्यातील सर्वांत नाजूक जागा असते. वरचा भाग वळतो, खालचा सरळ ओढतो आणि कंगवा तेथेच अडतो. त्यामुळे घरातील जवळजवळ प्रत्येक सवय तपासावी लागली. फणी बंद करून मोठ्या दातांचा कंगवा आणला, तोही कंडिशनर लावलेल्या ओल्या केसांत, टोकापासून सुरुवात करून वर सरकत, आधी बोटांनी गुंता सोडवून. न्हाल्यावर पंच्याने केस झटकण्याची आपल्याकडची पद्धत पूर्ण थांबवली. ओला केस सर्वांत जास्त ताणला जातो आणि त्यावरच हा मार बसतो. जुन्या मऊ सुती कापडाने पाणी टिपून घ्यावे, एवढेच. गाडीवरून शाळेत जाताना केसांवर आवळून बांधला जाणारा सुती स्कार्फ हाही एक गुन्हेगार होता, कारण तुटण्याचे प्रमाण कपाळाजवळ आणि मानेजवळ, नेमके त्याच्या कडेला, जास्त होते. स्कार्फच्या आतून सॅटिनचे अस्तर शिवून घेतले. रबर बँडऐवजी कापडी बँड, तोही सांध्याच्या खाली, आणि रात्री सैल वेणी.

तेलाबाबत आई आणि मुलीत वाद होता. मुलीच्या मैत्रिणींच्या मते तेल जुनाट. आईच्या मते रोज गरम तेलाने जोरात चंपी हाच उपाय. दोघींनाही थोडे थोडे खोडावे लागले. खोबरेल तेलातील लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरू शकते आणि धुण्याआधी लावल्यास प्रथिनांचा ऱ्हास कमी होतो, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबईतील एका अभ्यासात दिसले. खनिज तेल आणि सूर्यफुलाच्या तेलाने तसे झाले नाही. तो अभ्यास खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्याच संशोधकांचा होता, हे लक्षात ठेवून वाचावा, पण त्यामागचे कारण पटण्यासारखे आहे: तेल असलेला केस पाण्याने कमी फुगतो, आणि फुगणे-आटणे वारंवार झाले की धागा थकतो. तेव्हा न्हाण्याआधी दोन-तीन तास कोमट खोबरेल, केसांच्या लांबीवर, हलक्या हाताने. चंपी नाही. आठवड्यातून दोनदा पाणी मिसळून पातळ केलेला सौम्य शाम्पू आणि प्रत्येक वेळी कंडिशनर. त्यांच्या इमारतीत बोअरचे पाणी येत होते, ज्याने साबणाला फेस येत नव्हता. शेवटचे पाणी नळाचे घ्यावे, असे सुचवले. त्याने तुटणे किती कमी झाले हे वेगळे काढता येणार नाही, पण केसांचा राठपणा कमी झाल्याचे तिने स्वतःहून सांगितले.

पहिल्या सहा आठवड्यांत कागदावरचे तुकडे बरेच कमी झाले. मग एप्रिलअखेर, लग्न तीन-चार आठवड्यांवर असताना, ती घाबरून आली: केस पुन्हा जाऊ लागले होते. या वेळी तक्रार खरी होती. आणलेले केस पूर्ण लांबीचे होते आणि प्रत्येकाच्या टोकाला पांढरा गोळा होता. टाळूला झालेला दाह, लोहाची कमतरता आणि गेल्या काही महिन्यांतील ताण, यांपैकी कशामुळेही अनेक केस एकाच वेळी विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकत्र गळतात. याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. दिसायला भयंकर असले तरी बहुतांशी ते आपोआप थांबते आणि त्याच मुळांतून नवे केस येतात. आधी तुटणे होते, आता गळणे आहे, आणि हे दुसरे तुलनेने कमी चिंतेचे, हे समजावताना कागदावरचे दोन ढीग शेजारी ठेवूनच दाखवावे लागले. शब्दांवर तिचा विश्वास बसण्याजोगी मनःस्थिती नव्हती, आणि ते स्वाभाविक होते.

लग्नातील केशरचनेसाठी गंगावनाचा आधार घेतला. त्यात एक तडजोड होती. गंगावन जड असते आणि ते सांध्याजवळच्या केसांना पिनांनी अडकवले तर ओढ तेथेच बसते. म्हणून रचना करणाऱ्या बाईंशी आधी बोलून, मागचे मजबूत केस मानेवर सैल बांधून त्यांवर हलका अंबाडा आणि गजरा असे ठरले. केस उलटे विंचरून फुगवण्यास आणि इस्त्रीला पूर्ण मज्जाव. तरीही विधींचा दिवस लांबला आणि पिना लावलेल्या जागी काही केस गेलेच. वरातीनंतर हेअर स्प्रेने कडक झालेले केस तिने कोरडे न विंचरता आधी कंडिशनरने भिजवून सोडवले, हे तिचे श्रेय.

पावसाळ्यात वाढ सुरळीत होती, गळणेही जूनअखेर ओसरले, पण दमट हवेत मुळाकडचा भाग कुरळा होऊन फुगू लागला आणि खालचा भाग निस्तेज, सरळ लोंबत राहिला. सासरच्या एका नातलगाने "नुसती मुळं तेवढी सरळ करून घे" असे सुचवले. लॅन्थिओनिनचे बंध असलेल्या केसांवर थायोग्लायकोलेटचा थोडासा ओघळही घातक ठरला असता, आणि पार्लरमध्ये तो ओघळ कोणी अडवू शकत नाही. त्या आठवड्यात ती दोनदा फोनवर बोलली. शेवटी निर्णय तिनेच घेतला, पण तो सरळ करण्याचा नव्हता. दिवाळीच्या सुटीत तिने सांध्याखालील सर्व केस कापून टाकले. तोवर नवी वाढ नऊ सेंटिमीटरच्या आसपास होती. मात्र कुरळा केस आखडतो, त्यामुळे डोक्यावर ती जेमतेम निम्मी दिसत होती. हे तिला आधीच, ओली बट ताणून आणि मग सोडून, दाखवले होते, नाही तर आरशात पाहून तो दिवस कठीण गेला असता. आईंना तो दिवस कठीण गेलाच.

त्यानंतर निगा सोपी झाली. सांधा उरला नसल्याने कंगवा अडत नाही, तुटलेले तुकडे कागदावर अपवादानेच दिसतात, आणि केसांची वळणेही सगळीकडे सारखी नाहीत हे तिला प्रथमच कळले: माथ्यावर सैल, मानेजवळ घट्ट. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या चालू आहेत आणि फेरिटिन हळूहळू वर येत आहे. घटनेला वर्ष झाले तेव्हाच्या तपासणीत एक गोष्ट मात्र अपेक्षेप्रमाणे नव्हती. उजव्या कानामागे जेथे खपल्या होत्या, तेथे साधारण रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत केस विरळ आहेत आणि मोठे करून पाहिल्यास काही छिद्रे दिसत नाहीत. रसायनाने भाजून टाळूवर व्रण राहिला असेल तर त्या छिद्रांतून केस परत येणार नाहीत. ती जागा वाढत नाही, लाल नाही, खाजत नाही. म्हणून तिचा मोजपट्टीसह फोटो काढून ठेवला आहे. पुढील तपासणी तीन महिन्यांनी आहे. तेव्हा जागा पसरलेली आढळली तर तेथील त्वचेचा छोटा तुकडा मिरजेच्या प्रयोगशाळेत तपासणीसाठी पाठवला जाईल, आणि तोवर त्या बाजूला भांग न पाडता वरचे केस त्यावर वळवून घेणे एवढाच उपाय तिला सांगितला आहे.